शाळेची सूचना आणि आपला हक्क

(शाळा उघडण्यापूर्वी भरलेल्या खेड्यातील पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जूनच्या मध्यावर जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तापामुळे त्या काही दिवस मागाहून उघडतात. शाळा उघडली की सूचनांना आरंभ होतो. काही फळ्यावर लिहिल्या जातात, काही मुलांच्या वहीतून घरी येतात आणि अलीकडे बहुतेक मोबाईलवरून फिरतात. त्यांपैकी ज्या सूचना कानाआड केल्यास आपल्या मुलांचे कायमचे नुकसान होते, तेवढ्याच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांच्या माथी गावकीची जी कामे होती, त्यांत गावाला वर्दी देण्याचे काम मोठे होते. दवंडी पिटावी ती महाराने, सरकारी सांगावा पोहोचवावा तो महाराने, आणि मयताची खबर उन्हातान्हातून परगावी न्यावी तीही महारानेच. ज्या वतनाच्या नावाखाली ही वेठ चालली, ते वतन मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने नाहीसे झाले. परंतु विचार करा. साऱ्या गावाला बातमी देणाऱ्या या माणसाच्या घरी शाळेची बातमी मात्र कोणी आणून दिली नाही. ती त्याला मागून घ्यावी लागली.

ही मागणी फार जुनी आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला व तो त्याला नाकारण्यात आला. पुढे १८५८ साली, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांना खुल्या राहतील, असे मुंबई सरकारने जाहीर केले. तरीही १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांना, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणावा लागला. तो संमत झाला. पण महाडच्या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेईपर्यंत तो कागदावरच होता. हक्क जाहीर होणे आणि हक्क हाती येणे यांत अंतर असते. ते अंतर मागणाऱ्यालाच चालून जावे लागते. शाळेच्या सूचनांचेही तसेच आहे.

पहिली सूचना प्रवेशाची. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षण मिळाले पाहिजे, असा हा कायदा आहे. जन्माचा दाखला अवश्य काढून ठेवा. तो पुढे जन्मभर लागतो. परंतु दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत उलटली, या सबबीवरही त्याला परत पाठविता येत नाही. "पुढच्या वर्षी या" असे कोणी म्हटल्यास मुकाट्याने घरी परतू नका. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

दुसरी सूचना शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदीची, आणि ती आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाचे नाव घालताना गुरुजी धर्म विचारतात आणि जातही विचारतात. दीक्षा घेतलेला बाप येथे अडखळतो. काहीजण सवलत जाईल या भीतीने धर्माच्या रकान्यात "हिंदू" लिहवितात. काहीजण स्वाभिमानाने म्हणतात, "मी जात टाकून दिली आहे, ती पुन्हा मुलाच्या माथी कशी मारू?" या दोन्ही बाबतींत कायद्याची स्थिती समजून घेणे जरूर आहे.

अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. शिखांतील चार जातींना तेवढा अपवाद होता. १९५६ साली तो सर्व शिखांना खुला झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दीक्षा घेणाऱ्यांना केंद्राच्या सवलती बंद झाल्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्या राज्याने आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राची दारे मात्र १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बंद होती. ती दुरुस्ती होऊन आज तीन तपे उलटत आली. तेव्हा "बौद्ध" लिहिल्याने शिष्यवृत्ती जाते, ही भीती आता निराधार आहे. जी भीती आजोबांच्या काळी खरी होती, ती नातवाच्या रजिस्टरात उतरवू नका. धर्म बौद्ध आहे, तर बौद्धच लिहवा.

जातीच्या रकान्याचे दुखणे अधिक खोल आहे. ज्याने जात टाकण्यासाठी धर्म बदलला, त्याला ती लिहिताना वेदना व्हावी, हे स्वाभाविक आहे. त्या वेदनेविषयी मला आदर आहे. परंतु वैद्य जखमेची नोंद करतो, ती जखम मिरविण्यासाठी करीत नाही. रजिस्टरातील ती नोंद आपली श्रद्धा सांगत नाही; समाजाने पिढ्यान् पिढ्या केलेल्या अन्यायाचा ती पुरावा आहे. हा पुरावा पुढे नातवंडांनाही लागतो. जातीच्या दाखल्यांच्या पडताळणीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ पासून लागू आहे आणि त्यात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे कागद मागितले जातात, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा सोन्याच्या मोलाचा ठरतो. रकाना कोरा राहिला, अथवा त्यात नुसते "बौद्ध" वा "नवबौद्ध" लिहिले गेले, तर कॉलेजच्या प्रवेशाच्या ऐन वेळी मुलाची तारांबळ उडते. म्हणून धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जात, अशा दोन्ही नोंदी करा. नावाचे अक्षर न् अक्षर तपासा. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ते काम फार जिकिरीचे होते. अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या कुटुंबांपुरते हे मी सांगत आहे. ज्यांचा प्रवर्ग निराळा आहे, त्यांनी आपापले कागद जाणकाराला दाखवून मगच नोंद करावी.

तिसरी सूचना स्थलांतराची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, वीटभट्टीला कुटुंबे बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांना सांगा आणि मुलासाठी शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसविता येते. दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून तेथील शाळा त्याला अडवू शकत नाही. शक्य असेल तर मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवा. कोयता वडिलांच्या हाती आहे, तो मुलाच्या हाती जाऊ नये.

चौथी सूचना परीक्षांची व शिष्यवृत्तींची. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८६ सालापासूनची आहे. सहावीच्या प्रवेशासाठी निवड परीक्षा होते आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांना असतात. परंतु ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पाचवीच्या वर्षी अर्जाची तारीख चुकली की ते दार बंद झाले. आपल्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दहावीनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिचा आरंभ १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना झाला. शिष्यवृत्तींना जातीचा दाखला आणि मुलाचे बँकखाते लागते, आणि काहींना उत्पन्नाचा दाखलाही लागतो. हे कागद उन्हाळ्यातच तयार ठेवावेत. तारीख जाहीर झाल्यावर तहसिलीत धाव घेणाऱ्याची मुदत बहुधा टळते.

पाचवी सूचना दुपारच्या जेवणाची. बालपणी बाबासाहेबांना शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. आज शाळेत सर्व मुलांना शिजविलेले अन्न मिळते. या योजनेस २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे. तेव्हा आपल्या भगिनींनी या कामासाठी निःसंकोच अर्ज करावेत. मुलांना वेगळ्या पंक्तीत बसविले जात असेल, तर तो १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "चालायचेच" म्हणून तो गिळू नका.

सहावी सूचना शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेची. या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायदा सांगतो. सभेची वर्दी आपल्या वस्तीपर्यंत आली नाही, तर ती विचारावयास शाळेत जा. सभेत नुसते बसून अंगठा किंवा सही करू नका. ठराव वाचून घ्या, मगच सही करा.

कोठे अडचण आली तर प्रथम मुख्याध्यापकांकडे आणि मग केंद्रप्रमुख व पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करावी. स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा, असे कायद्याचे बंधन आहे. तोंडी तक्रारीला तारीख नसते, आणि जिला तारीख नाही तिची मुदतही मोजता येत नाही.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक वस्तीने एक लिहितावाचता तरुण किंवा तरुणी नेमावी. तिने आठवड्यातून एकदा शाळेचा फळा पाहावा, गुरुजींना विचारावे आणि विहारात वंदना झाल्यावर त्या आठवड्याच्या सूचना सर्वांना वाचून दाखवाव्यात. ज्याच्या घरी मोबाईल नाही आणि ज्या आईला अक्षर येत नाही, त्यांच्यासाठी हे वाचन आहे. पूर्वी आपली माणसे दुसऱ्यांच्या हुकमाने दवंडी पिटीत होती. आता आपण आपल्या मुलांसाठी आपल्याच वस्तीत सूचना वाचू या. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून हे काम सुरू व्हावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.

जयभीम.