इंजिनाचं डोकं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रत्येकाने आपल्या व्यवसायाबद्दल थोडं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलंय. आपले डॉक्टर मित्र हृदयाबद्दल बोलले. मी डोक्याबद्दल बोलतो, म्हणजे इंजिनाच्या. आमच्या शेडमध्ये सिलिंडर हेडची कामं होतात.

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. पण हवा आत येते ती हेडमधून, धूर बाहेर जातो तोही हेडमधूनच. म्हणून जोर वाढवायचा म्हटलं की मिस्त्रीचा हात आधी हेडकडे जातो.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. बजाज ऑटोने 2003 साली पल्सरच्या हेडमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसवले. एका कडेला पेटलेली ज्योत पलीकडे पोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून पेटवलं की अंतर निम्मं होतं आणि मिश्रण लवकर जळतं. या रचनेच्या पेटंटवरून टीव्हीएसशी झालेला वाद 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका जादा प्लगची किंमत यावरून कळावी!

आता गॅरेजमधली गोष्ट. मुलं बाईकचं हेड घेऊन येतात, 'काका, एक एमएम घासून द्या, पिकअप वाढेल.' मी त्यांना गणित घालतो. सिलिंडर 150 सीसीचा, व्यास 57 मिलिमीटर, कॉम्प्रेशन 9 ला 1. म्हणजे वरची पोकळी पावणेएकोणीस सीसी. पोकळीचं तोंड सिलिंडरइतकंच रुंद धरलं, तर एक मिलिमीटर घासल्यावर अडीच सीसी कमी होते आणि कॉम्प्रेशन सव्वादहाच्या वर जातं. सर, आठवीतला πr² असा पोट भरतो! जोर थोडा वाढतो, हे खरं. पण उष्णताही वाढते, पेट्रोल नको तेव्हा पेटतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि हे चालू राहिलं तर पिस्टन जातो.

बाईक बंद पडली तर ढकलत घरी नेता येते. मिरकरवाड्याच्या होडीचं तसं नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटींची डिझेल इंजिनं खोलली जातात आणि शेडमध्ये हेडची रांग लागते. यातल्या बऱ्याच हेडचा तळ सपाट असतो, पोकळी पिस्टनमध्ये असते. असं हेड घासून कॉम्प्रेशन फारसं वाढत नाही. उलट व्हॉल्व्ह तेवढा पिस्टनच्या जवळ येतो. मग सीट पुन्हा कापून व्हॉल्व्ह ठरलेल्या मापाइतका आत बसवावा लागतो. ते न करता हेड चढवलं, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. किनाऱ्यापासून लांब, वारा सुटलेला असताना इंजिन गेलं, तर होडीवरच्या माणसांनी काय करायचं?

म्हणून तांडेल 'जोर वाढवून द्या' म्हणाले, की मी विचारतो, आधी गेलेला जोर परत आणू का? सीट नीट कापायची, व्हॉल्व्ह घासून बसवायचा, गाईडची ढिलाई काढायची, पाण्याच्या वाटेतला क्षार काढायचा, दाब देऊन तडे तपासायचे. एवढ्याने बरंचसं काम होतं. त्याला कुणी मॉडिफिकेशन म्हणत नाही, पण ऑगस्टमध्ये होडी त्याच जोरावर जाते आणि परत येते.

अडचण एकच आहे. हाताने काम करणारी मुलं पुष्कळ मिळतात, पण मापून काम करणारी कमी. मायक्रोमीटर वाचता येत नाही म्हणून हुशार पोरं अंदाजाने घासतात, आणि त्या अंदाजावर दुसऱ्याचा जीव समुद्रात जातो.

म्हणून शाळेला एक विनंती आहे. मी एक जुनं हेड मधोमध कापून, रंग देऊन प्रयोगशाळेसाठी आणलंय. ते कपाटात ठेवू नका. मुलांच्या हातात द्या, सोबत व्हर्नियर द्या आणि मापं घ्यायला लावा. ज्यांना आवड वाटेल, त्यांना सुट्टीत आमच्या शेडमध्ये पाठवा. शिकवायची जबाबदारी माझी.