धावाधाव आणि धोरण

(रहिमतपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकजण सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नगरसेवक आहात. सकाळी दार उघडावे तो माणसे बसलेली. कुणाला टँकर हवा, कुणाला दाखला. रात्री अंग मोडून येते, पण दिवस सत्कारणी लागल्याचे समाधान असते. मला शंका आहे ती या समाधानाविषयीच. नडलेल्याच्या मदतीला रोज धावणाऱ्या पुढाऱ्याला ती नडच हवीशी वाटू लागते.

इथून पूर्वेला खटाव-माणचा दुष्काळी पट्टा आहे. १९७२ चा दुष्काळ तिथल्या वडीलधाऱ्यांना सांगावा लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आधी पीक बुडायचे, मग आणेवारी ठरायची, मग कामे निघायची. आणि ऐनवेळी काय काढणार? खडी फोडणे! मंत्री, कलेक्टर, आमदार सारे राबत होते, हे खरे. परंतु प्रत्येक दुष्काळ त्यांना पहिलाच असल्यासारखा भेटत होता.

याच आपत्तीकडे निराळ्या नजरेने पाहणारा एक माणूस तासगाव तालुक्यातला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. ते काँग्रेसचे, पण चांगल्या विचाराची जात विचारू नये. १९६५ मध्ये विसापूर परिसरात त्यांनी प्रयोग आरंभला. दुष्काळ कधी पडेल, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. काम मागणारा माणूस तर दरवर्षी असतो. त्याला ते हक्काने का मिळू नये?

प्रश्न बदलताच पुढचा हिशेब मांडता आला. कामांचे आराखडे आधीच तयार ठेवायचे. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, आणि त्यातून जमेल तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराच्या हमीला बांधला गेला. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला हा भाग फार मोलाचा वाटतो. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. यामागे मजुरांच्या मोर्चांचा रेटाही होता, हे विसरून चालणार नाही. पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्याच्या पाठीशी हाच अनुभव होता.

योजनेत खोटे मस्टर झाले, मजुरी थकली, अर्धवट पाझर तलावही राहिले. पण मजूर पुढाऱ्याच्या दारात बसण्याऐवजी अर्ज करू लागला. त्या अर्जाला मुदत होती, आणि मुदत चुकली तर जाब विचारता येत होता.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. गेल्या तीन वर्षांत आपल्या दारी आलेल्या मागण्या एका वहीत लिहून काढा. ज्या दरवर्षी त्याच महिन्यात येतात त्यांवर खूण करा, आणि पावसाळा संपताच ती वही ग्रामसभेपुढे वाचा. दारातली गर्दी थोडी ओसरेल. तेवढी तयारी मात्र ठेवा.