वांड पोरांच्या बाजूनं

(पुण्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत बोजे उचलणारा माणूस. कविता करतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बालशिक्षणावर हा काय बोलणार, असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. शिक्षणावर बोलायचा मक्ता ठराविक पेठांनी घेऊन ठेवलाय, तो मोडायलाच तर आपण जमलोय.

आपण मोर्चे काढतो स्कॉलरशिपसाठी, वसतिगृहासाठी. काढलेच पाहिजेत. पण आपल्या पोराचा निकाल कॉलेजात लागत नाही, तो बालवाडीतच लावून टाकतात. ताडीवाला रोड घ्या, कासेवाडी घ्या, जनता वसाहत घ्या. शिक्का बसलेलं एखादं पोर गल्लीगल्लीत सापडतंच. वांड. मठ्ठ. मारकुटं.

माझ्या बहिणीचा पोरगा असाच. बहीण इथंच पुण्यात कचरा वेचते. पोटाला चिमटा काढून साडेतीन वर्षांच्या पोराला एका इंग्रजी नावाच्या नर्सरीत घातला. बाई हाक मारायची, हा ढिम्म. गोष्ट चालू असली की उठून पळायचा. एक दिवस शेजारच्या पोराला चावला. झालं, निरोप आला : ह्याला स्पेशल शाळेत घाला, ह्याला घरचं वळण नाही.

घरचं वळण! पहाटे पाचला उठून शहराची घाण उचलणारीला वळण शिकवतात साले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कानात बॅटरी मारून बघितलं. पडद्यामागं पाणी साचलेलं. सर्दी मुरली की लहान पोरांत हे सर्रास होतं, विडीच्या, चुलीच्या धुरात जास्तच. मग अर्धंमुर्धं ऐकू येतं. आज येतं, उद्या येत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं पोर मुद्दाम करतंय. ज्याला गोष्ट ऐकूच येत नाही तो गोष्टीत बसेल कसा? ज्याचं बोलणं मागं पडलंय तो दातानंच बोलणार ना?

गोदीत बोजा झुलायला लागला तर बोजाला कुणी फटके मारत नाही. दोर कुठं चुकीचा बांधलाय ते बघतात. पोर चावलं, तर चावायच्या आधी काय घडलं ते बघा. भूक लागली होती? हातातलं हिसकावलं? न सांगता खेळ बंद केला? खेळ थांबवायच्या आधी सांगा, चित्र दाखवून सांगा. नुसतं ‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘माझा हात धरून चल’ म्हणा. कमी ऐकणाऱ्याला पुढं बसवा, त्याच्या तोंडाकडं बघून बोला. पाय अधू असलेल्या पोराचा हात पोचेल इतक्या खाली खेळणी मांडा. आणि पोर ‘व्हय’ म्हणालं तर ‘होय म्हण’ म्हणून त्याचं तोंड शिवू नका. ह्याला पैसा फार लागत नाही. पोर आपलं मानावं लागतं, तिथंच घोडं अडतं.

ज्या ‘माँटेसरी’च्या पाटीखाली आज फिया उकळतात, ती बाई कोण होती? डॉक्टर. आधी ती ‘मंद’ ठरवून टाकलेल्या पोरांना शिकवत होती. तीच रीत घेऊन १९०७ साली तिनं रोमच्या सॅन लोरेन्झो ह्या मजूरवस्तीत बालघर उघडलं. म्हणजे माल मूळचा आपलाच. आपल्याकडं ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. बालवाडीत गरिबाची पोरं येईनात, तर बाई शाळाच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. शिंपले, बिया, खडे हीच साधनं. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातला.

आणि आज? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात वंचितांसाठी २५ टक्के जागा आहेत, शाळेत बालवर्ग असेल तर तिथंही. अपंग पोरंही त्यात येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या जागांतून सूट. तुमची पोरं तिकडं, आमची इकडं. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टानं तो बदल रद्द केला. पण सरकारच्या पोटात काय आहे ते तर कळलं!

एक सांगतो, अंगणवाडीच्या बाईशी भांडू नका. दिव्यांग बालकं ओळखा, सामावून घ्या, असा प्रोटोकॉल केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये काढला. त्याच डिसेंबरात राज्यातल्या सेविका मानधनासाठी संपावर गेल्या आणि पन्नासच्या वर दिवस बसल्या. ती आपलीच बाई आहे. तिच्या बाजूला उभं राहायचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात वर्षातून दोनदा डॉक्टरांच्या पथकानं अंगणवाडीत येऊन पोरं तपासायची असतात. तुमच्या गल्लीत पथक शेवटचं कधी आलं? कान बघितले का? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं ती तारीख कागदावर लिहून आणायची.