गावाचा पैसा, गावाचा हिशेब

(ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



गावात वर्षाकाठी किती निधी आला, असा प्रश्न विचारला तर उत्तर आकड्यात मिळत नाही, नावात मिळते. रस्ता आमदारांनी दिला, सभामंडप खासदारांनी दिला, वेशीवरची कमान पालकमंत्र्यांनी दिली. देणाऱ्यांची नावे संगमरवरी फलकावर ठळक अक्षरांत असतात. ज्या ग्रामपंचायतीकडे राज्यघटनेने गावाचा कारभार सोपवला, तिचे नाव असलेच तर 'कार्यान्वयन यंत्रणा' म्हणून अगदी तळाशी. ही भाषा वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु जेथे पैसा 'दिला' जातो तेथे त्याचा हिशेब मागितला जात नाही. कारण दानाचा हिशेब मागणे असभ्य, असा संस्कार या समाजावर शतकानुशतके झालेला आहे. सार्वजनिक निधी हे दान नव्हे, एवढी एक गोष्ट गावाच्या मनावर ठसली तरी निम्मे काम झाले असे समजावे.

हिशेब मागण्याची रीत या देशाला पाश्चात्त्यांनी शिकवली, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील मंदिराच्या भिंतीवर चोळराजा परांतक पहिला याच्या काळातील, इ. स. ९२० च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसे कशी निवडावीत याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावे लिहून ती घड्यात टाकावीत आणि चिठ्ठी उचलावी. तळ्याची समिती वेगळी, बागांची वेगळी, सोन्याची पारख करणारी वेगळी. त्यातला एक नियम मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब सादर केला नाही, तो पुन्हा निवडीस अपात्र. आणि एकटा तोच नव्हे, त्याचे जवळचे नातलगही अपात्र. त्या सभेची दारे सर्वांना उघडी नव्हती. जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन यांच्या अटी होत्या, हेही त्याच भिंतीवर लिहिलेले आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु हिशेब हा पात्रतेचा निकष होता, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही. महाराष्ट्रातही मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'गावखर्च' ही रक्कम सारखी भेटते. गावच्या देवस्थानाचा, पाहुण्यांचा, वेस-बुरूजाच्या डागडुजीचा खर्च गाव आपल्या वसुलातून करीत असे आणि त्याची नोंद कुलकर्ण्याच्या दप्तरात राहत असे. इंग्रजी अमलात वसूल सरकारी तिजोरीकडे गेला, गावखर्चाला कात्री लागली आणि गावाचे हात सरकारदरबारी पसरले गेले.

पुढचा इतिहास सर्वांना परिचित आहे. १८८२ चा रिपनचा ठराव, स्वातंत्र्यानंतर घटनेतील ४० वे कलम, १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधीही सुरू झाला. एका हाताने गावाला अधिकार दिला आणि दुसऱ्या हाताने गावाला मागण्याची सवय लावली. खासदाराच्या निधीची रक्कम २०११-१२ पासून वर्षाला पाच कोटी आहे.

आता मुख्य प्रश्न. पंचायतींजवळ स्वतःचे म्हणून काय आहे? भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या जानेवारीत पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ सालचे आकडे आहेत. देशातील पंचायतींचा एकूण महसूल ३५,३५४ कोटी रुपये. त्यातील केंद्राची अनुदाने २४,६९९ कोटी, राज्यांची ८,१४८ कोटी. पंचायतींनी स्वतः कर बसवून वसूल केलेली रक्कम ७३७ कोटी. म्हणजे शंभर रुपयांत कराचे रुपये दोन. एका पंचायतीच्या वाट्याला सरासरी एकवीस लाखांच्या आसपास महसूल आला आणि तो जवळजवळ सगळा वरून आला. ज्याच्या घरात शंभरातील नव्वदाहून अधिक रुपये दुसऱ्याकडून येतात, त्याला घरचे निर्णय घरी घेता येत नाहीत. हे संसारी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

वरून येणाऱ्या पैशाचे स्वरूपही पाहावे. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५ ते २०२०) आपला ग्रामीण निधी केवळ ग्रामपंचायतींना दिला. महाराष्ट्रात त्याच वेळी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, 'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम सुरू झाला आणि आराखडा गावाने करावा असे ठरले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये नेमून दिले. परंतु त्यातील साठ टक्के बंधित. निम्मे बंधित पाणीपुरवठा व जलसंधारणासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेल्या चाळीस टक्क्यांत गावाने आपली निकड भागवायची, तीही पगार आणि आस्थापनेचा खर्च वगळून. पाणी आणि स्वच्छता ही कामे गौण आहेत असे कोण म्हणेल? पण ज्या गावाचे पाणी मार्गी लागले आहे आणि ज्याची शाळा गळते आहे, त्या गावालाही तोच साचा लागू होतो. दिल्लीत बसून लाखो पंचायतींसाठी एकच माप कापले की असे होणारच.

म्हणून स्वतःच्या उत्पन्नाकडे वळावे लागते आणि तेथे अडचण सरकारची नसून गावाची आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी, ही साधने १९५८ च्या अधिनियमाने दिलेली आहेत. २०१५ च्या अखेरीस घरपट्टीची आकारणी भांडवली मूल्यावर आधारित करण्यात आली. कायदा आहे, दर आहेत, जप्तीचा अधिकारही आहे. नाही ती इच्छा. सरपंच वसुलीला निघाला की भावकी आडवी येते. निवडणुकीच्या वर्षात तर कोणी पावतीपुस्तक उघडतही नाही. ग्रामसेवकाने (२०२४ पासून त्याचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले) नोटीस बजावली तर त्याची बदली मागितली जाते. या थकबाकीदारांत केवळ गरीब असतात असे नाही. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या, गणपतीला आणि जत्रेला आवर्जून गावी जाणाऱ्या अनेक सुखवस्तू कुटुंबांच्या बंद घरांवर वर्षानुवर्षे पट्टी थकलेली असते. देवळाच्या जीर्णोद्धाराला एकावन्न हजारांची देणगी देणारा चाकरमानी आठशे रुपयांची घरपट्टी विसरतो. देणगीला नाव लागते, पट्टीला केवळ पावती मिळते.

उलट उदाहरणही आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा या गावाने, भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत, कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर मोफत दळण देण्याची पद्धत सुरू केली. पीठगिरणी पंचायतीची, धान्य ज्याचे त्याचे. गिरणीचा खर्च सोसूनही पंचायतीचे भागते, कारण थकबाकी राहत नाही. यात दानधर्म काही नाही, साधा व्यवहार आहे: भरलेला रुपया कोठे गेला हे घरातील बाईला रोजच्या पिठात दिसते. करवसुलीची व्याख्याने देणाऱ्या प्रशिक्षण संस्थांनी एकदा या गिरणीच्या रांगेत उभे राहावे.

स्वउत्पन्नाची निकड येत्या काळात वाढणार आहे, कमी होणार नाही. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले आणि गावोगावी नव्या टाक्या, नव्या वाहिन्या झाल्या. बांधकामाचा पैसा शासनाचा. योजना पूर्ण झाली की ती चालवायची ग्रामपंचायतीने. पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन, क्लोरीन, फुटलेली वाहिनी, जळालेली मोटार. या कशाचाही फलक लागत नाही, म्हणून यासाठी कोणी निधी 'देत' नाही. पाणीपट्टी वसूल झाली नाही तर वीज तुटते आणि कोट्यवधींची योजना उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडते. मग टँकर येतो, टँकरवर पुन्हा कोणाचे तरी नाव असते.

जिल्ह्याच्या पातळीवरची स्थिती याहून फारशी निराळी नाही. घटनेच्या २४३ झेडडी या कलमाने जिल्हा नियोजन समिती सांगितली आणि तिचे चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी संस्थांच्या लोकनियुक्त सदस्यांनी आपल्यातून निवडावेत अशी अट घातली. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. हेतू स्पष्ट होता: गावाचे आराखडे तालुक्यात, तालुक्याचे जिल्ह्यात आणि जिल्ह्याचे राज्यात जावेत. व्यवहारात अध्यक्षस्थानी पालकमंत्री, याद्या लोकप्रतिनिधींच्या शिफारशींच्या, आणि मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून शेवटच्या पंधरवड्यात मान्यतांची घाई. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर राज्यातील बहुतांश जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. जेथे सभागृहच नाही तेथे त्या सभागृहाने निवडायचे नियोजन समितीचे सदस्य तरी कोठून येणार? शिवाय लोकनियुक्त मंडळ नसलेल्या संस्थेला वित्त आयोगाचे अनुदान मिळत नाही. निवडणूक लांबली की केवळ पुढाऱ्यांची पदे अडतात असे मानणाऱ्यांनी ही किंमतही मोजावी.

गावात '२५१५' हा आकडा लहान मुलालाही ठाऊक असतो. ते एक लेखाशीर्ष आहे. गावांतर्गत मूलभूत सुविधांचा निधी त्यातून मंत्रालयातून थेट येतो. त्याचे पत्र मुंबईहून आणणारा कार्यकर्ता गावात मोठा ठरतो. ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात ते काम होते की नव्हते, हे विचारणारा मात्र विघ्नसंतोषी ठरतो. म्हणूनच ज्या गल्लीत दोनदा पेव्हर ब्लॉक बसले त्याच गल्लीच्या टोकाला उघडे गटार वाहत असते.

वेगळी वाट चोखाळलेली गावे महाराष्ट्रातच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे ठरते आणि पाळले जाते. रुपयांच्या आधी पाण्याचा अर्थसंकल्प, हा क्रम दुष्काळी गावाला सुचला यात नवल नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आले. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, पण झालेला निर्णय मोडत नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. हा निधी कोठे सत्कारणी लागला आणि कोठे सोलर दिव्यांच्या खरेदीत विरला, याचा अभ्यास वनवासी भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावनिहाय करण्यासारखा आहे.

ग्रामसभेचे काय? कायद्याने वर्षातून किमान चार. गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. शंभर माणसे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पळवाट नव्हे, हा राजमार्ग झाला आहे. हजेरीचे रजिस्टर घरोघर फिरते, सह्या होतात आणि ठराव आधीच लिहिलेला असतो. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी असा नियम आहे. ती जेथे खरोखर होते तेथे पाणी, दारू आणि अंगणवाडी हे विषय आपोआप वर येतात, असा अनुभव आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने आरंभ कोठून करावा? भाषणापासून नव्हे, दप्तरापासून. नमुना एक म्हणजे पंचायतीचा अर्थसंकल्प. नमुना पाच म्हणजे रोकड वही. आठ म्हणजे कर आकारणी, नऊ म्हणजे कराची मागणी. आठ आणि नऊ शेजारी ठेवले की गावात किती घरे नोंदलेलीच नाहीत आणि कोणाकडे किती थकले आहे हे अर्ध्या तासात कळते. स्वतःच्या घराची ओळ आधी पाहून घ्यावी म्हणजे पुढे बोलताना संकोच होत नाही. स्वउत्पन्नातील पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ही तीन खाती बहुतेक गावांत कोणी विचारत नाही, आणि ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांना ती ठाऊकही नसतात. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचे हिशेब आणि लेखापरीक्षणाची टिप्पणी ठेवावीच लागते. तेथे उभे राहून शांतपणे एक प्रश्न विचारता येतो. कागद दाखवण्यास नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि प्रत पानाला दोन रुपयांत मिळते. तालुक्याच्या प्रत्येक केंद्रातून दोघांनी, शक्य तर त्यातील एक भगिनी, येत्या एप्रिलपूर्वी आपल्या पंचायतीचे हे चार नमुने वाचून घ्यावेत. पुढील वर्गात बसताना ते आकडे वहीत लिहिलेले असावेत.