नाताळच्या जेवणाचा बेत

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात कुटुंबमेळाव्यापुढे झालेले भाषण)



ज्युबिलीच्या व्यासपीठावरून स्वयंपाकघराविषयी बोलावयाचे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. वेदी, शाळा, धर्मशिक्षण हे विषय थोर. त्यांच्यापुढे कांदे-बटाट्यांची काय प्रतिष्ठा? परंतु प्रभूने आपले पहिले चिन्ह लग्नाच्या जेवणावळीत करून दाखविले आणि स्वतःच्या देहाचे दान भोजनाला बसले असतानाच केले, हे ध्यानी घेतले म्हणजे ही शंका उरत नाही. काना गावच्या त्या लग्नात काय कमी पडले आहे हे प्रथम ओळखले ते पवित्र मरीयामातेने. घरात काय कमी पडणार हे वेळेवर ओळखणे ही लहान गोष्ट नव्हे.

आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : नाताळच्या जेवणाचा बेत असा आखावा की, त्यापायी घरावर कर्ज होऊ नये, घरच्या माउलीची मिस्सा चुकू नये, आणि दारी आलेला कोणीही उपाशी परत जाऊ नये. या तीन गोष्टी साधल्या तर बेत उत्तम झाला असे समजावे, मग पानात पाच पदार्थ असोत की पंधरा.

पुणे शहरात राहणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांचा बेत शेवटी मंडईत ठरतो. ज्या १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली, त्याच साली मंडईची ही दगडी इमारत लोकांस खुली झाली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला दिले होते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. इमारतीचा विषय नगरपालिकेपुढे आला तेव्हा सभासद जोतीराव फुले यांनी त्या खर्चास विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे होते. इमारत झाली, तिचा अष्टकोनी मनोराही उभा राहिला. आणि पुढे त्याच इमारतीस महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. त्या वादाचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त प्रभूनेही दिला आहे. मंडईच्या मनोऱ्याखाली पिशवी घेऊन उभे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो दृष्टान्त आठवावा.

आता पहिली गोष्ट, म्हणजे पैशाची. आपल्या सणाची तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पडते. मासिक पगारावर चालणाऱ्या घरात तोवर हात आखडलेला असतो. त्यात मुलांचे कपडे, गोठ्याची सजावट, केक, जाणेयेणे. अशा वेळी ‘लोक काय म्हणतील’ हा सल्लागार घरात शिरतो, आणि त्याच्या सल्ल्याने झालेले जेवण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हप्त्याहप्त्याने फेडीत बसावे लागते. यास उपाय एकच : कागदाच्या माथ्यावर आधी आकडा लिहावा, मग त्याखाली पदार्थ. बहुधा आपण याच्या उलट करतो. त्या आकड्यातून गरिबांचा वाटा प्रथम काढून ठेवावा. उरेल तो आपला. साखर, रवा, मैदा, सुके मसाले, व्हिनेगर या टिकाऊ जिनसा आगमनकाळ सुरू होताच पगाराबरोबर भराव्या. म्हणजे शेवटच्या आठवड्यास केवळ ताजा जिन्नस उरतो, आणि तो मंडईत त्या दिवसांत मुबलक असतो. मटार, गाजर, फ्लॉवर, कोबी, पावटा, मेथी या भाज्या थंडीतच चांगल्या येतात. नागपूरकडील संत्री, पेरू, बोरे येतात. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरीही येऊ लागते. हंगामात जे पिकते त्याचाच बेत करणाऱ्यास ईश्वराची देणगी स्वस्तात मिळते. बिनहंगामी जिन्नस शोधीत फिरणाऱ्यास तीच महाग पडते.

येथे एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. आपल्या धर्मग्रामात कोणी गोव्याकडचे, कोणी वसईकडचे, कोणी नगर जिल्ह्यातील संगमनेर-राहुरीकडचे. गोव्याच्या घरात सोरपोतेल, नेवऱ्या व दोदोल यांवाचून नाताळ नाही. वसईकरास इंद्याल व फुगे हवेत. नगरकडच्या घरात मटणाचा रस्सा, पुरणपोळी आणि करंज्या-शंकरपाळे नसतील तर सण झाल्यासारखे वाटत नाही; त्यांतील पुष्कळ घरी डुकराचे मांस शिजतही नाही. विवाहाने ही घरे एकमेकांत मिसळली आहेत, आणि मग सासूबाईंचा पदार्थ की सूनबाईंचा, असा वाद चुलीपाशी उभा राहतो. आमचे सांगणे असे की, प्रत्येक माहेरचा एकेक पदार्थ घ्यावा, पण एकच घ्यावा. सर्वांचे सर्व पदार्थ करू गेल्यास घर दमते. एकाचेच केल्यास दुसऱ्याचे मन दुखावते.

शिवाय कोणता पदार्थ अस्सल व कोणता परका, याचा फार अभिमान धरण्याजोगी स्थितीही नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. मंडईच्या गाळ्यांवर बटाटा, कोबी, पेरू, अननस, पपई, काजू अशी नावे आपण हाका मारून घेतो, तीही त्याच वाटेने आली आहेत. आणि ज्या मिरचीवाचून आपला रस्सा होत नाही ती मुळात अमेरिका खंडातील. वसईकरांचे इंद्याल व गोवेकरांचे विंदालू या दोहोंच्या नावात द्राक्षारस व लसूण या अर्थाचे पोर्तुगीज शब्द दडलेले आहेत. आपल्या वाडवडिलांनी द्राक्षारसाच्या जागी येथील शिर्का घातला, येथील मसाला घातला, आणि पदार्थ आपला करून घेतला. म्हणजे बाजारात जे मिळाले त्यातूनच हा सण पूर्वीपासून साजरा होत आला. आजही तसा करण्यात काही उणेपणा नाही.

बारा माणसांच्या कुटुंबास पुरेल असा एक नमुना आम्ही सांगतो. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे तो फिरवून घ्यावा. मांसाचा एकच मुख्य पदार्थ, त्यास दोन ते अडीच किलो मांस पुरे. सव्वा किलो तांदळाचा पुलाव. मटार-बटाट्याची रस्साभाजी, तिला मटार दोन किलो घ्यावे, कारण सोलल्यावर दाणे एक किलोही भरत नाहीत. बटाटे एक किलो. गाजर, काकडी व कांदा यांची कोशिंबीर. घरात रीत असेल त्याप्रमाणे फुगे, पोळी किंवा पाव. गोड म्हणून घरी आधीच केलेला फराळ, आणि शेवटी संत्री व पेरू कापून ठेवावे. एवढ्याने बारा माणसे तृप्त होतात. दुसरे मांस, तिसरे मांस आणि वर मासळी, असा विस्तार केला म्हणजे पानात टाकलेले अन्न वाढते, तृप्ती वाढत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि आमच्या मते हीच सर्वांत नाजूक आहे. मध्यरात्रीच्या मिस्सेला घरातील सर्व माणसे नटूनथटून मंदिरात बसलेली असतात आणि आई मात्र चुलीपुढे असते, किंवा आलीच तर थकव्याने तिचे डोळे मिटतात, असे आमच्या पाहण्यात अनेकदा आले आहे. ज्या बाळाकरिता हा सण, त्याच्या गव्हाणीपाशी यावयास तिलाच सवड मिळू नये, हे कोणत्याही पक्वान्नाने भरून निघणारे नाही. मार्थेची सेवा प्रभूने तुच्छ लेखली नाही. परंतु तिची तारांबळ पाहून त्याने तिला थांबविले.

म्हणून कामाची वाटणी दिवसवार करावी. कुलकुल, करंज्या, शंकरपाळे हा फराळ आदल्या आठवड्यात मुलाबाळांस हाताशी घेऊन करावा. २२ तारखेस कांदे, लसूण, आले, बटाटे आणावे. मांसाकरिता मंडईचा उपयोग नाही. त्यासाठी लष्करातील शिवाजी मार्केट किंवा आपल्या पेठेतील ओळखीचा खाटीक गाठावा, आणि इंद्याल करावयाचे तर ते २३ तारखेसच शिजवून फ्रीजमध्ये ठेवावे. शिर्क्याचे पदार्थ मुरल्यावर अधिक रुचकर लागतात, हे आपल्या आजीबाईंस ठाऊक होते. २४ तारखेस सकाळी मंडईत जाऊन मटार, कोथिंबीर, काकडी, फळे घ्यावी. आता भुयारी मेट्रोचे स्थानक मंडईपाशीच २०२४ साली सुरू झाले आहे, तेव्हा गर्दीचे निमित्त सांगून हे काम कोणी टाळू नये. ही पिशवी पुरुषांनी उचलावी. लसूण सोलणे, मटार सोलणे, भांडी घासणे यांत मुलगे व मुली असा भेद ठेवू नये. २५ तारखेस केवळ भात, भाजी व कोशिंबीर एवढेच उरले म्हणजे गृहिणीसही सर्वांबरोबर पानावर बसता येईल.

२४ तारखेचे रात्रीचे जेवण अगदी साधे असावे. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे त्या दिवशी उपास असे व मांस वर्ज्य असे; १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम बदलले तेव्हा ते बंधन उरले नाही. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी मध्यरात्रीपासून काही न खाण्याचा जुना नियमही १९५० नंतर क्रमाक्रमाने सौम्य होत १९६४ साली एक तासावर आला. नियम गेला, तरी त्यातील शहाणपण का जावे? मुगाची खिचडी व कढी एवढ्यावर ती रात्र काढली तर स्वयंपाकघर मोकळे राहते, शरीर हलके राहते, आणि दुसऱ्या दिवशीच्या अन्नाची गोडी वाढते.

तिसरी गोष्ट पाहुण्याची. १२२३ साली ग्रेच्चो येथे नाताळचा गोठा उभारणारे संत फ्रान्सिस यांच्याविषयी त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी लिहून ठेवले आहे की, नाताळ शुक्रवारी आला तेव्हा मांस वर्ज्य करावे काय, असा विचार निघाला असता, या दिवशी भिंतींनीही मांस खावे, असे ते संत आनंदाने म्हणाले. श्रीमंतांनी त्या दिवशी गरिबांस पोटभर जेवू घालावे आणि बैल व गाढवांसही अधिक वैरण मिळावी, अशीही त्यांची इच्छा होती. आजचा धर्मनियमही सांगतो की, महासण शुक्रवारी पडल्यास मांसवर्ज्याचे बंधन नाही. २०२० साली नाताळ शुक्रवारीच आला होता. परंतु सूट घेताना त्या संताच्या बोलण्याचा उत्तरार्ध विसरू नये. भिंतींचीही आठवण ठेवणाऱ्याने शेजाऱ्यास कसे विसरावे?

आणि पुण्याच्या पेठांत शेजारी पुष्कळदा शाकाहारी असतो. दिवाळीस त्याच्या घरून फराळाचे ताट येते. ते आपण रिकामे परत पाठवीत नाही. नाताळास त्याला घरी बोलावले तर कोपऱ्यात एक केळे व वेफर्स ठेवून त्याची बोळवण करू नये. म्हणूनच वर सांगितलेली रस्साभाजी ही तोंडीलावणे नसून जेवणाचा दुसरा खांब आहे असे समजावे. ती प्रथम शिजवावी, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने. पुलावही साधा ठेवावा. कोणत्या केकात अंडे आहे, कोणत्या पदार्थात चरबी आहे, हे न विचारता सांगावे. पाहुण्याचा विश्वास हे सणाचे मोठे भूषण आहे. याखेरीज वसतिगृहातील विद्यार्थी, रुग्णालयात पाळीवर असलेली परिचारिका, पत्नी वारल्यावर एकटे राहणारे आजोबा, परप्रांतातून कामास आलेला तरुण, अशांपैकी एकाचे पान बेत आखतानाच मोजावे. तेरावे पान मोजून ठेवले की तेरावा माणूस सापडतोच. जो परत आमंत्रण देऊ शकत नाही त्यास बोलवा, असे प्रभूने आपल्या यजमानास सांगितले होते. ते आपल्यालाही सांगितले आहे.

बंधुभगिनींनो, धर्मग्रामाची ज्युबिली आपण मंदिरात साजरी करीत आहोत, हे योग्यच आहे. परंतु हा धर्मग्राम इतकी वर्षे टिकला तो अशा घराघरांतील पानांवर, जेथे मुलांनी प्रथम हात जोडून अन्नाबद्दल आभार मानावयास शिकले. ते पान कर्जाचे नसावे, कोणाच्या थकव्याचे नसावे, आणि त्याच्या शेजारी आणखी एका पानास जागा असावी. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून अर्धा तास या कामास द्यावा, कागदावर आधी आकडा मांडावा, मग माणसे मोजावी, मग पदार्थ लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.

बाळ येशू आपल्या सर्वांच्या घरांस आशीर्वाद देवो, आणि कोणाच्याही चुलीस अन्नाची वाण न पडो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.