दफ्तरातील न वाचलेली माणसे
(डभोई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठ्यांच्या इतिहासात डभोईचे नाव येते ते 1 एप्रिल 1731 या दिवसामुळे. येथून जवळच, भिलापुराच्या बाजूस, बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली व सेनापती पडले. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडून 1930 पासून जे 45 खंड प्रसिद्ध केले, त्यांतला एक खंड दाभाडे व गुजरात याच विषयाला वाहिलेला आहे. रियासतकार 1889 पासून तीन तपे सयाजीराव महाराजांच्या पदरी होते. तेव्हा त्यांना आपल्या बडोद्याचेच म्हणावयास हरकत नाही.

परंतु ज्यांच्या शेतांतून ती घोडी गेली, त्या रयतेची हकीकत कोणत्या खंडात शोधावी? पुण्याच्या दफ्तरात सुमारे पस्तीस हजार रुमाल. निवड करणाऱ्याने राजकारण आधी घेतले, हे स्वाभाविक होते. जमाखर्च, वतनाचे तंटे, गुन्हेगारी, जातीचे निवाडे हे बहुतांशी बासनातच राहिले. समाजशास्त्राला हवे असते ते नेमके हेच.

येथे यंत्राचा प्रश्न येतो. ज्याला मशीन लर्निंग म्हणतात, त्यात यंत्राला मोडीचे नियम शिकवीत नाहीत. मोडी पानाचे छायाचित्र आणि जाणकाराने केलेले त्याचे देवनागरी लिप्यंतर अशा जोड्या त्याच्यापुढे ठेवतात. वळणे ते आपणच ताडू लागते. रुरकीच्या आयआयटीतील व अन्य संशोधकांनी 2025 मध्ये अशा 2,043 छायाचित्रांचा संग्रह सिद्ध केला. हे साधले तर अभ्यासक चार रुमालांवरून अनुमान करण्याऐवजी शेकडो गावांची तुलना करू शकेल. समाजविज्ञानाच्या दृष्टीने हा बदल मी फार मोठा मानतो.

तथापि माझी एक शंका आहे, आणि ती डभोईकरांनीच उपस्थित करावी अशी आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीत; वाचणारा अर्थाच्या आधारे वाचतो. यंत्रही सवयीच्या आधारे वाचते. पुणेरी कागदांवर वाढलेल्या यंत्रापुढे गुजरातेतील मराठी दफ्तर आले, तर ते ‘पटेल’ला ‘पाटील’ करून ठेवणार नाही कशावरून? माणूस अडला की जागा कोरी सोडतो, निदान प्रश्नचिन्ह घालतो. यंत्राचे चुकलेले वाचनही बरोबर वाचनाइतकेच नीटनेटके दिसते. हजार पानांत हीच चूक झाली, तर परगण्याची लोकसंख्याच बदलेल!

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. महाराष्ट्रात 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, ती कुणबी नोंदी शोधण्यासाठी. जुन्या मोडी कागदांतील एका शब्दावर आज कुटुंबाचा दाखला अवलंबून आहे. तेथे मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली, हेही सर्वांना कळले.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी गायकवाडी अमलातील सनदा, खतपत्रे, हिशेबाच्या वह्या असतील. ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मोडीचा वर्ग चालवावा, आणि निदान काही शेकडा पाने माणसांकडून, दोघांनी स्वतंत्रपणे वाचून, पडताळून ठेवावीत. उद्या कोणी यंत्र घेऊन आला, तर त्याला प्रथम ती पाने वाचावयास द्यावीत, आणि ‘पटेल’ कसा वाचतो ते पाहावे.