यंत्राचा कौल आणि माणसाची पारख



राज्याची गुपिते ज्याच्या हाती सोपवायची तो विश्वासास पात्र आहे काय, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. कौटिल्याने अमात्यांची पारख धर्म, अर्थ, काम आणि भय या चार कसोट्यांवर करण्यास सांगितले. अमेरिकेने हे काम मोठ्या प्रमाणात पॉलिग्राफ यंत्रावर सोपविले. 1988 च्या कायद्याने तेथील बहुतेक खासगी मालकांना या चाचणीची मनाई केली. सरकारी नोकऱ्या मात्र त्यातून वगळल्या.

हे यंत्र असत्य मोजत नाही. ते श्वास, रक्तदाब, नाडी आणि घाम मोजते. भेदरलेल्या निरपराध्याची नाडीही जलद चालते आणि निर्ढावलेला द्रोही शांत बसू शकतो. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स 1985 पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. 1986 आणि 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून तो सुटला. 1994 मध्ये पकडला गेला. दरम्यान त्याने 5 लाख 40 हजार डॉलरचे घर रोखीने घेतले होते. यंत्राला जे दिसले नाही, ते त्याच्या राहणीत उघड दिसत होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2003 च्या अहवालात एक हिशेब मांडला. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असे समजा. त्यांपैकी आठ सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर सुमारे सोळाशे निर्दोष माणसेही संशयित ठरतील. ती सैल केली, तर निर्दोष थोडेच अडकतील, पण आठ हेर निसटतील. चाचणीच्या धाकाने काही जण कबुली देतात, हे खरे; परंतु धाक म्हणजे प्रमाण नव्हे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात, संमतीवाचून कोणावरही अशी चाचणी लादता येणार नाही, असा निर्णय दिला. तो प्रश्न गुन्ह्यांच्या तपासाचा होता. पण नकार दिला तर नोकरी जाईल, हे ठाऊक असलेल्या उमेदवाराची संमती कितपत मोकळी असते, याचा विचार अवश्य व्हावा.

राष्ट्राची सुरक्षा ही हेळसांड करण्याची बाब नाही. म्हणूनच पूर्वचरित्राची चौकशी, मालमत्तेचे विवरण, वरिष्ठांची सततची नजर ही कष्टाची वाट सोडून चालणार नाही. यंत्राच्या कौलावर विसंबणारे राज्य प्रामाणिक सेवकाला दुखावते आणि द्रोह्याला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देऊन बसते.